तिथे कोण कोण होतं?

पहाटे साडेपाच

शहापूरच्या हायवेवरून रायपूरकडे जाणारे ट्रक रात्रभर धावत असतात. झोपेत तो आवाज कानाला लागत नाही. साडेपाचला मात्र मधूनच करकचून ब्रेक लागतो, हॉर्न वाजतो, आणि मला जाग येते. भाताच्या रोवणीला निघालेल्या बाया रस्ता ओलांडत असतात. आषाढ लागला की भंडाऱ्याच्या या पट्ट्यात दिवसा कोणी घरी सापडत नाही. माय बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, वाकलेली, बाप नागपूरला सेंटरिंगच्या कामावर नाहीतर घरीच दारूत, आणि पोरगा अकरापर्यंत झोपलेला. म्हणून या दिवसांत माझ्या गृहभेटी सकाळीच उरकाव्या लागतात.

मी बाल न्याय मंडळासाठी सामाजिक तपासणी अहवाल लिहिते. अठरा वर्षांखालच्या मुलाला पोलिसांनी ताब्यात घेतलं की चोवीस तासांच्या आत त्याला मंडळापुढे हजर करायचं असतं, आणि त्या दिवसापासून पंधरा दिवसांत हा अहवाल मंडळापुढे यावा लागतो. २०१५च्या बाल न्याय कायद्यात या मुलांना 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणतात. दोषारोप करणारी, शिक्का मारणारी भाषा त्यांच्याबाबत वापरायची नाही, हे त्या कायद्याच्या मूलतत्त्वांतच लिहिलेलं आहे. गावात मात्र 'तो चोट्टा' एवढंच म्हणतात. त्याच कायद्याच्या कलम ७४ नुसार मुलाची ओळख उघड करायला बंदी आहे. त्यामुळे पुढे जी मुलं येतील त्यांची नावं मी घेणार नाही, आणि गाव, वय, कामधंदा यांचीही अदलाबदल केली आहे.

पावणेसात

बांधीत पाणी घोट्याच्या वर आहे. मी स्कुटी रस्त्यावर लावून धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, चालत जाते, चपला हातात. सात-आठ बायांच्या रांगेत मला हवी असलेली बाई डावीकडून दुसरी. मुकादमीण थोडी कुरकुरते, पण बोलायला हरकत घेत नाही. ती बाई काम थांबवणार नाही, हे मला माहीत असतं. थांबली तर रांग पुढे जाते आणि तिची जागा रिकामी दिसते. म्हणून मी धुऱ्यावर उकिडवी बसते, आणि ती रोवता रोवता बोलते.

डाव्या हातात पेंडी, उजव्या हाताने तीन-चार काड्या वेगळ्या करायच्या, अंगठ्याने चिखलात दाबायच्या, मागे सरकायचं. प्रश्न सोपा असला की हात त्याच लयीत चालतो. अडचणीचा असला की काड्या मोजण्यात वेळ जातो. बारा वर्षांत मी आयांच्या चेहऱ्यांपेक्षा हातांकडे जास्त बघायला शिकले आहे.

तिचा मुलगा सोळा वर्षांचा. मे महिन्यात एका लग्नाच्या मांडवाबाहेर उभी असलेली मोटारसायकल त्याने काढली. विकली नाही, तिचे पार्टही काढले नाहीत. रात्री साडेअकराला हायवेवर दोन चकरा मारल्या, दुसरी चक्कर हेडलाइट बंद करून, समोरून येणाऱ्या ट्रकांच्या मधून. पेट्रोल संपलं तशी नाल्याजवळ सोडून दिली. मागच्या गाडीवर दोन मित्र होते, त्यांनी मोबाइलवर शूटिंग केलं. सत्तावीस सेकंदांचं. काही आठवड्यांनी एका सकाळी ते कोणाच्या तरी स्टेटसला होतं, आणि दुपारी मुलगा ठाण्यात.

"घरी गाडी नाई जी आमच्या," ती म्हणाली. "सायकल हाये. ते बी त्याच्या मामाची."

"घरी मारहाण?"

हात थांबला. पेंडीतून काड्या निघेनात. मग तिने एकदम चार-पाच ठिकाणी भराभर रोवलं. "आता नाई मारत. पोट्टा आता त्याच्याहून उंच झाला." थोड्या वेळाने स्वतःहून म्हणाली, "पिऊन आला का पोट्टा छपरीत जाऊन झोपते. मंग रातचा कवा उठते, कुठी जाते, मले मालूम नाई पडत."

उठताना तिने एक गोष्ट सांगितली. बूट. एप्रिलमध्ये पोराच्या पायात नवे बूट आले, पांढरे, अठराशे रुपयांचे. "मित्रानं देल्ले म्हने."

मी वहीत 'बूट' एवढंच लिहिलं आणि खाली रेघ ओढली.

साडेनऊ

मुलगा उठला आहे. छपरीत खाटेवर बसलेला, उजव्या हाताच्या बोटांना तंबाखू-सुपारीच्या खर्र्याचा पिवळेपणा. बूट खाटेखाली, जुन्या बनियनने पुसून ठेवलेले.

पहिली काही वर्षं मी या मुलांना 'का केलंस?' विचारायची. सगळ्यांचं उत्तर एकच, 'गलती झाली, मॅडम.' ते उत्तर त्यांना ठाण्यात, वकिलाकडे, घरी सगळीकडून पढवलेलं असतं. आणि खरं सांगायचं तर 'का' हे त्यांनाही माहीत नसतं. आता मी कागद-पेन्सिल देते आणि विचारते, "तिथे कोण कोण होतं? जागा काढून दाखव."

त्याने हायवे काढला. दोन सरळ रेघा, मधे तुटक रेघ, ढाबा, विजेचा खांब, नाला. मग माणसं, म्हणजे ठिपके. मागच्या गाडीवरचे दोन आधी काढले, पेन्सिल दाबून. ढाब्याजवळ आणखी तिघे, तेही. स्वतःचा ठिपका सगळ्यांत शेवटी.

"लाइट कुठे बंद केलास?"

त्याने खांबावर बोट ठेवलं. "इथी. ते मांगून आले तवा."

"समोरून ट्रक येईल, माहीत होतं?"

"माहीत होतं जी. म्हनून तं."

"आणि एकटा असतास तर?"

त्याने माझ्याकडे बघितलं ते मी काहीतरी बावळट विचारल्यासारखं. "एकटा? एकट्यानं कायले बंद करन जी?"

हे वाक्य मी अहवालात शब्दशः लिहिते. किशोरवयीन मुलांच्या जोखमीबद्दल मानसशास्त्राने गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जे प्रयोगांतून दाखवलं, ते या पोराने एका दमात सांगून टाकलं. २००५ साली मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी ३०६ जणांना एक व्हिडिओ गेम खेळायला दिला. गाडी चालवायची, पिवळा दिवा लागला की थांबायचं की अजून थोडं पुढे न्यायचं ते आपण ठरवायचं. जास्त पुढे नेली तर गुण जास्त, पण लाल दिवा लागला तर गाडी भिंतीवर. तेरा ते सोळा, अठरा ते बावीस, आणि चोविशीच्या पुढचे, असे तीन गट. एकट्याने खेळताना तिन्ही गटांत फारसा फरक दिसला नाही. समवयस्क मित्र बाजूला बसून बघू लागले तेव्हा सर्वांत लहान गटाची जोखीम साधारण दुप्पट झाली, मधल्या गटाची दीडपट, आणि मोठ्यांच्या खेळात काहीच बदल झाला नाही.

वयात येताना मेंदूतली मजेची, बक्षिसाची, वाहवा मिळवण्याची ओढ एकदम उसळी घेते. थांबवणारा भाग मात्र विशी ओलांडली तरी पक्का होत असतो. पहिल्या जोरदार पावसात बांधी तुडुंब भरते आणि धुरा अजून ओला, कच्चा असतो, तशातला प्रकार. त्यात धोका कळत नाही असं मुळीच नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला शांत बसवून विचारलं तर तो धोक्याचा अंदाज मोठ्या माणसाइतकाच बरोबर सांगतो. 'म्हनून तं' यातच सगळं आलं. धोका आहे म्हणूनच तर बघणाऱ्यांपुढे त्याला किंमत आहे. आपण मोठी माणसं मात्र त्याला धोका समजावून सांगत बसतो. त्याला ठाऊक असलेलीच गोष्ट.

मी बुटांकडे बघितलं. त्याच्या ते लक्षात आलं.

बऱ्याच वेळाने, पाणी पिऊन झाल्यावर, तो बोलला. एप्रिल-मेमध्ये त्याला काम होतं. रेतीचे टिप्पर रात्री नदीवरून निघत. हा फाट्यावर बसून राहायचा, त्यांनीच दिलेला मोबाइल घेऊन. तहसीलची नाहीतर पोलिसांची गाडी दिसली की फोन मारायचा. याला इकडे 'लोकेशन देणं' म्हणतात. रात्रीचे तीनशे रुपये.

"भीती नाही वाटली?"

"नाई." मग मान थोडी वर करून म्हणाला, "मोठे लोक हायेत जी ते. रातभर मायाच भरोशावर रायत."

दहावीला दोनदा नापास झालेला मुलगा. बाप पिऊन आला की छपरीत झोपणारा. सोळा वर्षांत त्याच्या भरवशावर कोणी काही सोपवल्याचं त्याला आठवत नाही, आणि लाखोंच्या गाड्या रात्रभर त्याच्या एका फोनवर अवलंबून. वाळूचोरांनी त्याला जे दिलं ते आधी आम्हाला कोणाला द्यायला सुचलं नाही, याचा मला संताप येतो. जून लागला, नदीला पाणी आलं, रेती बंद झाली, तो मोबाइल परत घेतला गेला. पण त्याआधीच, मे महिन्यात चार-सहा रात्री काम नव्हतं, तेव्हा हायवेवरची ती रात्र घडली. या दोन गोष्टींचा संबंध पोलिसांच्या कागदावर कुठेच नाही.

कलम ८३ मध्ये स्पष्ट आहे. बेकायदा कामासाठी मुलाला वापरणाऱ्या मोठ्या माणसाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड. मी त्याला हे सांगितलं. तो घाबरला. "माय नाव नोका सांगू, मॅडम. मारतीन ते मले."

त्याच्या चित्रातल्या ढाब्याजवळच्या तीन ठिपक्यांपैकी एक मी बोटाने दाखवला. त्याने काही न बोलता पेन्सिलीने तो गिरवून गिरवून जाड केला.

साडेअकरा

भंडारा. मंडळाची बैठक. न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजसेवक सदस्य, त्यांत एक तरी महिला असावीच लागते. आरोपीचा पिंजरा नाही, उंच चौथरा नाही, सगळे एकाच पातळीवर. मुलासोबत आलेला पोलीस साध्या कपड्यात. पहिल्यांदा येणाऱ्या आईबापांना हे कोर्टच वाटत नाही, आणि बाप उगाच हात जोडून उभा राहतो.

आज दोन प्रकरणं पुढच्या तारखेवर गेली. एका मुलाला समुपदेशनाचा आदेश झाला. एकाचं प्रकरण चोरीचं, क्षुल्लक स्वरूपाचं. चार महिन्यांत आणि वाढवून मिळालेल्या दोन महिन्यांत चौकशी संपली नाही तर अशी कार्यवाही आपोआप संपुष्टात येते, म्हणून त्याची घाई. एवढंच.

दीड

कॅन्टीनमध्ये चहा आणि आलूबोंडा. शेजारच्या टेबलावरचा एक वकील हसत विचारतो, "काय मॅडम, आज किती निबंध लिहायला लावले?"

१९ मे २०२४ला पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शे गाडीखाली दोन तरुण अभियंते ठार झाले, आणि काही तासांत त्याला जामीन मिळाला. जामिनाच्या अटींत तीनशे शब्दांचा निबंध होता. तेव्हापासून हा प्रश्न मला भाजीवाल्यापासून सगळ्यांनी विचारला आहे. लोकांचा राग मी समजू शकते, दोन घरं उद्ध्वस्त झाली होती. पण सगळा देश निबंधावर बोलत राहिला आणि दुसरी गोष्ट मागे पडली. मुलाच्या वडिलांवर आणि दारू देणाऱ्या बारच्या लोकांवरही गुन्हे नोंदले गेले होते. गाडी आणि दारू सतरा वर्षांच्या हातात आपोआप येत नाही. श्रीमंताच्या घरी महागडी गाडी, आमच्याकडे रेतीवाल्याचा मोबाइल. दोन्हीकडे देणारा हात मोठ्या माणसाचा.

मी वकिलाला हे सगळं सांगितलं. तो ऐकून घेतो आणि म्हणतो, "पण भेव तं पाहिजे न, मॅडम."

भीतीबद्दल मला बोलायचं आहे, कारण तिथे माझी स्वतःची चूक आहे. बारा वर्षांपूर्वी, नवीन असताना, मी पाच मुलांना एक तुरुंग दाखवायला नेलं होतं. आतलं जग बघितलं की ताळ्यावर येतील, असं मला मनापासून वाटत होतं. एका कैद्याने त्यांना खूप झापलं, आणि जाताना एका मुलाच्या खांद्यावर हात ठेवून त्याच्या गावाचं नाव विचारलं. परतीच्या गाडीत तो मुलगा छाती फुगवून बसला होता. आठ दिवसांत गावभर झालं, 'आतले भाई मले वळखतात.' त्याच्याभोवती बसणारी पोरं वाढली. पुढल्या वर्षी तो चाकू घेऊन सापडला.

नंतर वाचलं तेव्हा कळलं की हाच प्रयोग अमेरिकेत न्यू जर्सीच्या राहवे तुरुंगात सत्तरच्या दशकात झाला होता. त्यावरच्या 'स्केअर्ड स्ट्रेट!' या माहितीपटाला ऑस्कर मिळालं, आणि ठिकठिकाणी त्याची नक्कल झाली. पुढे अशा कार्यक्रमांची नीट तुलना करून पाहिली तेव्हा तुरुंग दाखवून आणलेल्या मुलांकडून गुन्हे कमी झाले नव्हते, उलट वाढले होते. त्या मुलाला मी भीती दाखवायला नेलं आणि त्याला एक प्रेक्षक मिळवून दिला. हे आठवलं की आजही जेवण जात नाही.

साडेतीन

शहापूरला परत. समाजमंदिरात तीन मुलं माझी वाट बघत आहेत. तीनच, आणि चौथा एक तेवीस वर्षांचा वेल्डर, जो एके काळी याच सतरंजीवर बसत होता. वाट चुकलेली पोरं मोठ्या संख्येने एकत्र बसवली की सुधारण्याऐवजी एकमेकांच्या कारनाम्यांवर हसतात, आणि ते हसू हेच बक्षीस होतं. टॉमस डिशियन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९९ला असे गट उलटे पडतात हे लिहिलं. मी ते माझ्या सतरंजीवर त्याच्याही आधी... नाही, नंतरच, पण वाचायच्या आधी अनुभवलं होतं. म्हणून तीन, आणि सोबत एक मोठा, ज्याला यांच्या हसण्याचं काही पडलेलं नाही.

आज मी लिंबू आणलं आहे. दोघांच्या जोड्या केल्या. एकाने लिंबू मुठीत घट्ट धरायचं, दुसऱ्याने तीस सेकंदांत ते मिळवायचं. कसं, ते मी सांगत नाही.

पहिल्याच सेकंदाला झोंबाझोंबी. बोटं पिरगाळणं, मनगटावर गुडघा. सतरा वर्षांचा एक मुलगा आहे, शाळेच्या गेटवर एकाला कटरने मारल्याचा आरोप असलेला. त्याने समोरच्याची करंगळी अशी मागे ओढली की मी मधे पडले. तीस सेकंद संपले. लिंबू फुटलं, रस सतरंजीवर, लिंबू मात्र त्याच मुठीत.

"मागितलं का कोणी?" मी विचारलं.

तिघंही गप्प. मग मूठ धरलेला म्हणाला, "मांगतलं असतं तं देल्लं असतं. लिंबूच तं हाये."

हा खेळ माझा नाही. शिकागोतल्या 'बिकमिंग अ मॅन' या कार्यक्रमात मुलांना पहिल्याच बैठकीत असा चेंडू मुठीत देतात. तिथे शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या मुलांची इतरांशी तुलना केली. कार्यक्रम चालू होता तोवर हिंसक गुन्ह्यांतल्या अटका ४५ ते ५० टक्क्यांनी कमी झाल्या. त्या कार्यक्रमात 'मारू नको' असं शिकवत नाहीत. एक क्षण थांबून समोरचा खरंच तसा आहे का, एवढं तपासायला शिकवतात.

कटरवाल्या मुलाला मी विचारलं, "त्या दिवशी गेटवर तो काय म्हणाला होता?"

"काई नाई. खुन्नसनं पाहून रायला होता."

"किती वेळ?"

"एकडाव पायलन."

"डोळ्यात ऊन असेल?"

तो विचारात पडला. खरंच पडला. गेट पश्चिमेकडे, शाळा सुटायची वेळ. "असन बी," तो हळूच म्हणाला.

आक्रमक मुलांना दुसऱ्याच्या साध्या, दोन्ही अर्थ निघतील अशा वागण्यात हटकून वैर दिसतं, हे केनेथ डॉजने १९८०पासून पुन्हापुन्हा दाखवलं. लहानपणी घरात मार खाल्लेल्या मुलांत ही सवय जास्त आढळते. ज्या घरात बापाची कडी कशी वाजली यावरून आज मार पडणार की नाही ते ओळखावं लागतं, तिथल्या पोराला नजरेत धोका शोधणं हा जगण्याचाच भाग असतो. घरात ते त्याला वाचवतं, शाळेच्या गेटवर तेच त्याच्या हातात कटर देतं. या मुलाच्या फायलीवर 'रागीट स्वभाव' लिहून आलं होतं. मी ते खोडून काय घडतं ते लिहिलं. पाऊण पान लागलं.

जाताना वेल्डरने सतरंजी झटकली आणि फुटलेलं लिंबू खिशात टाकलं. "रातच्या जेवनात होईल," म्हणाला.

साडेसहा

घरी, नमुना क्रमांक ६ समोर. सामाजिक तपासणी अहवालाचा हा सरकारी नमुना लोक कंटाळवाणा समजतात. मला तो कोणीतरी मुलांना ओळखणाऱ्याने केला असावा असं वाटतं. शाळा का सोडली? मित्र बहुतेक कोण, समवयस्क की वयाने मोठे? घरात मारहाण होते का? आणि एक रकाना, मुलाचा वापर एखाद्या टोळीने किंवा मोठ्या माणसांनी केला आहे का? हा रकाना बहुतेक अहवालांत 'नाही' लिहून पुढे जातो.

लाइट बंद करणाऱ्या मुलाच्या अहवालात मी तो रकाना अर्धा तास रिकामा ठेवला. त्याने हात जोडल्यासारखं केलं होतं. 'हो' लिहिलं तर चौकशी होईल, आणि गावात पहिला संशय त्याच्यावर येईल. 'नाही' लिहिलं तर ऑक्टोबरमध्ये नदीचं पाणी उतरेल, आणि तोच फाटा, तोच मोबाइल. शेवटी 'हो' लिहिलं. मुलाच्या सुरक्षिततेबाबत मंडळाने आधी आदेश द्यावा, मगच पुढची कार्यवाही व्हावी, असं वेगळ्या पानावर कारणांसह लिहिलं.

शिफारस लिहिताना मनाशी एक मोठा अभ्यास असतो. अमेरिकेत फिलाडेल्फिया आणि फिनिक्स इथे गंभीर गुन्हे केलेल्या १,३५४ मुलांचा सात वर्षं पाठपुरावा केला गेला. एवढी गंभीर सुरुवात असूनही सातत्याने त्याच पातळीवर गुन्हे करत राहणारे सुमारे दहातले एकच निघाले, आणि संस्थेत जास्त काळ डांबल्याने गुन्हे कमी झाल्याचं दिसलं नाही. टेरी मॉफिटने १९९३ला म्हटलं होतं तसं, बहुतेकांचा हा वाकडा रस्ता त्या वयापुरताच असतो. तो दहावा कोण हे सोळाव्या वर्षी कपाळावर लिहिलेलं नसतं. म्हणून दहाही जणांना वाईट धरून चालणं मला मान्य नाही. त्या वयातून पोरगा जिवंत, शरीराने धड आणि शिक्का न बसता बाहेर पडावा, एवढ्यासाठी माझा हा कागद.

शिफारस अशी: घरीच ठेवावा. आठवड्यातून दोनदा भेट. वेल्डिंगच्या दुकानात दुपारी काम, वेल्डर तयार आहे. दुकानाची एक किल्ली त्याच्याकडे द्यायची, असं वेल्डर स्वतःहून म्हणाला.

नऊ

या वेळी मी मोबाइल जवळ घेऊन बसते. माझ्याकडच्या मुलांशी ठरलेलं आहे, रात्री नऊला घरी पोचलं की एक मिस कॉल. बोलायचं नाही, पैसे जात नाहीत. कोणी तपासतंय असं वाटू नये, आणि कोणी वाट बघतंय हे मात्र कळावं.

आठ पंचावन्नला कटरवाल्याचा. नऊ चारला दुसऱ्याचा.

नऊ वीस झाले. नऊ चाळीस.

मी छत्री घेतली. रिमझिम चालू होती. हायवेवरच्या पानटपरीवर पिवळा बल्ब, खर्रा घोटण्याचा आवाज, चार पोरं. त्यांत तो, पांढऱ्या बुटांत. आणि बुलेटला टेकून उभा असलेला एक चाळिशीचा माणूस, मोबाइल पुढे करून त्याला काहीतरी दाखवणारा.

मी त्याला हाक मारली नाही. मॅडम घ्यायला आल्या, असं त्या पोरांपुढे झालं असतं तर उद्यापासून तो माझ्याशी बोललाच नसता. टपरीवाल्याकडून पार्लेजीचा पुडा घेतला आणि पत्र्याखाली, बल्बच्या उजेडात उभी राहिले.

"का पायजे जी, बाई?" बुलेटवाल्याने विचारलं.

"काही नाही. पाऊस थांबला की जाते."

मी पुडा फोडला, एक बिस्कीट खाल्लं. बुलेटवाल्याने दोनदा माझ्याकडे बघितलं, मोबाइल खिशात घातला. एक पोरगा निघाला. मग दुसरा. बुलेट चालू झाली, वळली, भंडाऱ्याच्या दिशेने गेली. मी नंबर पाठ केला.

तो अजून तिथेच होता. खर्र्याची पन्नी त्याने बोटाला गुंडाळली, सोडवली, पुन्हा गुंडाळली, मग खिशात टाकली. माझ्याकडे न बघता पत्र्याखाली आला आणि माझ्या हातातली छत्री घेऊन उघडली.

"चला जी," म्हणाला, "तुमच्या घरापावतर सोडून देतो. अंधार हाये."

आम्ही हायवेच्या कडेने निघालो. समोरून ट्रक आला की तो रस्त्याच्या बाजूला होई आणि मला आत घेई.

"मिस कॉल राहिला तुझा," मी म्हणाले.

त्याने चालता चालता मोबाइल काढला. माझ्या पिशवीत फोन एकदा वाजला आणि थांबला.